कार्बन पेपरातला भात

शुक्रवारी सकाळी बस्त्याव एप्रन इस्त्री करायचा. दुबईत आम्हाला तेव्हा सुट्टीचा तोच एक दिवस. माणसं उशिरापर्यंत झोपतात, आठवड्याचे कपडे धुतात, गावाला फोन लावायला रांगेत उभी राहतात. हा माणूस अल कुसैसच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या घरात, स्वतःपुरतं रांधायला पांढरा एप्रन कडक इस्त्री करून घालायचा आणि मागची गाठ बरोबर मधोमध आली की नाही ते न्हाणीतल्या आरशात बघून यायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायकोला म्हटलं, "ह्येचा लगीन आसा काय आज?"

वसईचा ख्रिस्ती. हॉटेलात स्टोअरकीपर. गेल्या वर्षी वारला. त्याच्या पुतणीने फोन केला की सगळे त्याच्या आठवणी लिहून देताहेत, काका, तुम्हीही चार ओळी लिहा. बाकीचे लिहितील की तो प्रेमळ होता, देवभोळा होता, सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. लिहू देत. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, जन्मभर पत्रा कापला, मला गोड लिहिता येत नाही. बस्त्याव बढाईखोर होता, आगाऊ होता आणि दुसऱ्याच्या टोपात डोकावायची त्याला वाईट खोड होती. आधी हे लिहून ठेवतो, मग पुढचं.

मी डक्टच्या कामावर फोरमन होतो. मोठ्या टॉवरांच्या पोटातून थंड हवा खेळवायला पत्र्याचे चौकोनी बोगदे घालतात, ते डक्ट. अठरा वर्षं कॅम्पात काढली, बारा माणसं एका खोलीत, आळीपाळीने रांधून. फोरमन झालो तेव्हा कुठे शहाण्णव साली शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, गावाहून आणता आलं. मूलबाळ आम्हाला नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, एक खोली आमची, दुसरी बस्त्यावची, किचन दोघांत एक. एकट्याने अख्खा फ्लॅट घेण्याची ऐपत ना त्याची होती ना माझी, म्हणून हा शेजार. नाहीतर मी त्या माणसाबरोबर लिफ्टमध्येसुद्धा चढलो नसतो.

त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून सुटायचं. "मी होनोलुलूला होतो तेव्हा." हॉटेलात लागण्याआधी तो मालवाहू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. जहाज शंभर बंदरं फिरलं असेल, पण ह्याच्या तोंडी बंदर एकच. नळ गळत असला तर, मी होनोलुलूला होतो तेव्हा. शेजारचा पठाण मोठ्याने रेडिओ लावत असला तर, मी होनोलुलूला होतो तेव्हा. मी एकदा विचारलं, "किती वर्षं होतास रे?" तो म्हणाला, "वर्षं मोजायला मी काय तुझ्यासारखा मस्टरवर होतो, मॅन?"

आणि दर शुक्रवारी एप्रन घालून तो जे करायचा त्याला मुसुबी म्हणतात. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुमचं काही अडलेलं नाही. डब्यातलं मांस येतं, डुकराचं. तिकडे ते सुपरमार्केटात मागच्या वेगळ्या खोलीत मिळतं, मुसलमानांनी येऊ नये अशी पाटी लावलेली असते. त्याचे जाड काप करायचे, तव्यावर परतायचे, वर सोया सॉस आणि साखर टाकून चकचकीत करायचे. मग त्याच रिकाम्या डब्याची दोन्ही तोंडं कापून त्याची विटेच्या साच्यासारखी चौकट करायची. चौकटीत भात दाबायचा, भातावर मांसाचा काप, चौकट वर उचलायची. खाली राहते भाताची वीट. त्या विटेला काळ्या कागदाची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीचं टोक चार शितांनी चिकटवायचं. कागद म्हणजे समुद्रातलं शेवाळ, वाळवून पापडासारखं पातळ केलेलं. करामाला फिलिपिनो लोकांच्या दुकानात मिळायचं.

"बिलबुकात घालतात तो कार्बन पेपर हा," मी म्हटलं.

"समुद्रातलं आहे हे. तू कोकणातला ना, फोरमन? कधी समुद्रात पाय तरी घातलास काय?"

"आमच्याकडे शेवाळावर माणूस घसरतो. खात नाही."

"एक घास खा. मग बोल."

"मी कार्बन पेपर खात नाही."

हे संभाषण आमचं दर शुक्रवारी व्हायचं, नमाजाच्या बांगेइतकं वेळेवर. मी चाखलं नाही ते नाहीच.

भाताला हात लावायच्या आधी तो वाटीभर पाण्यात दोन्ही तळवे बुडवायचा आणि म्हणायचा, "हात ओला, तोंड बंद." ओल्या हाताला भात चिकटत नाही आणि बंद तोंडातून थुंकी उडत नाही, असा त्याचा अर्थ. स्वतः तोंड बंद ठेवायचा तो तेवढीच दहा मिनिटं. मला ती दहा मिनिटं फार आवडायची. त्याच्या उजव्या तळव्यावर जुन्या भाजल्याचा डाग होता, कातडी चुरगळलेली. ओला हात झटकला की तो डाग चमकायचा.

शालनला त्याचा राग नव्हता. ती त्याला बस्त्यावभाऊ म्हणायची, तो तिला वहिनी. तिने एवढंच सांगितलं होतं, तुमचा तवा तुमच्या कपाटात, माझा माझ्या. तिचं-त्याचं जमायचं, हेच मला खुपायचं. मी ड्यूटीवरून आलो की दोघं किचनमध्ये कशावर तरी हसत असायची आणि मी आत आलो की तो म्हणायचा, "आले इन्स्पेक्टर."

नव्याण्णव साली हिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोचे सहा डोस द्यायचे ठरले, तीन आठवड्यांनी एक. सरकारी हॉस्पिटलात एक मल्याळी सिस्टर होती, ती दर वेळी काट्यावर उभं करायची. तिसऱ्या डोसानंतर काटा एक्केचाळीसवर आला. लग्नात ही छप्पन किलोची होती, भाताचं पोतं एकटी उचलायची. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाचा, चालीस के नीचे गया तो डॉक्टर अगला डोस नहीं देगा. शरीर सहन नहीं करेगा. कुछ भी खिलाओ."

कुछ भी. बोलायला काय जातं. डोस चढला की हिला गरम अन्नाचा वासच सहन होत नव्हता. कुकरची शिट्टी झाली की ओकारी. मी रजा टाकली आणि पेज केली, गावाहून आणलेल्या उकड्या तांदळाची, जी पिऊन आमच्याकडे मेलेला माणूस उठून बसतो. हिने वाटी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. "माका वास नको." आंबोळी केली, नको. सूप आणलं, नको. मी म्हटलं, नको नको काय, औषध म्हणून गीळ. तिने गिळलं आणि माझ्याच हातावर ओकली. मग मीच रडकुंडीला आलो आणि तीच म्हणाली, "रवांदे. तुमी जेवा."

रजा संपली. एक दिवस दुपारी काम लवकर सुटलं, घरी आलो तर ही किचनमध्ये स्टुलावर बसलेली. ड्रिपने काळानिळा झालेला डावा हात मांडीवर, आणि उजव्या हातात कार्बन पेपरातली वीट. खात होती. बारीक बारीक, उंदरासारखी, पण खात होती. बस्त्याव ओट्याला टेकून उभा, एप्रन घालून, आणि दिवस बुधवार.

माझं डोकं फिरलं. "डुकराच्या तव्यावरचं माझ्या बायकोला देतोस?"

त्याने नवा तवा उचलून दाखवला. चिकटवलेला दुकानाचा कागदही अजून निघालेला नव्हता. "अंडं आहे आत. नुसतं अंडं. तिला विचार."

"मला न विचारता?"

"तू ड्यूटीवर. भूक तिला लागली होती, तुला नव्हती."

मी त्याला मारलंच असतं. शालन म्हणाली, "गप रवा जरा. ह्या थंड आसा. वास येणा नाय. जाता पोटात." आणि पुढचा घास घेतला. मी तिथून निघून गॅलरीत उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही, खोटं कशाला लिहू. अठरा वर्षं मी बारा-बारा माणसांना रांधून घातलं, आणि माझी बायको परक्याच्या हातचं शेवाळ खाते.

त्या दिवसापासून तो रोज ड्यूटीला जायच्या आधी दोन विटा करून झाकून ठेवायचा. काटा एक्केचाळीसवर थांबला. चौथा डोस झाला.

हिने मला मग त्याचं होनोलुलू सांगितलं. त्याने तिला सांगितलं होतं, मला नाही. जहाजाच्या भटारखान्यात उकळतं तेल हातावर सांडलं म्हणून कप्तानाने त्याला त्या बंदरात उतरवलं. उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला. ज्या म्हातारीच्या खोलीत ठेवला होता तिची भाषा ह्याला येत नव्हती, ह्याची तिला. ती रोज एका हातात धरून खाता येईल अशी ही वीट करून द्यायची. नऊ दिवसांनी दुसऱ्या जहाजावर चढला. सगळं होनोलुलू एवढंच. नऊ दिवस! एवढ्यात माणूस नीट शिट्टी वाजवायला शिकत नाही, आणि ह्या गृहस्थाने त्या नऊ दिवसांवर वीस वर्षं बढाया मारल्या. मी हिला म्हटलं, "बघ, थापाडो." ती म्हणाली, "थापाडो खंयचो? नऊ दिवस कोणी तरी भरवल्यान, ता तो इसारलो नाय. तुमी काय लक्षात ठेवलास?" मी विषय बदलला.

एक काम मात्र मी माझ्या मनाने केलं. त्याच्या त्या कापलेल्या डब्याला आतून गंज चढत होता. मी वर्कशॉपमध्ये स्टेनलेस पत्र्याच्या तुकड्याची चौकट केली, कडा दुमडल्या, सांधा झाळून घासला, वर भात दाबायला मुठीचा दट्ट्या केला. आणून ओट्यावर आदळली. "तुझ्या गंजाने मरेल माझी बायको."

बस्त्यावने चष्मा लावला. चौकट उजेडात धरली, अंगठ्याने आतून फिरवून बघितली. "कोपरे चौकोनी आहेत. भात अडकेल."

"डक्टचे कोपरे चौकोनीच असतात."

"मग डक्टमध्ये शिजव भात."

पुन्हा केली. कोपरे पाइपावर ठोकून गोल केले, दोन दिवस मोडले त्यात. त्याने भात दाबला, चौकट उचलली, वीट सुरीने कापल्यासारखी उभी राहिली. तो म्हणाला, "चालेल." इतक्या वर्षांच्या शेजारात त्या माणसाने माझं केलेलं हे एवढंच कौतुक.

पाचवा डोस झाला आणि त्याच आठवड्यात हॉटेलाने बस्त्यावला काढलं. नवा मॅनेजर आला, स्टोअर दुसऱ्यांकडे दिलं, व्हिसा कॅन्सल, पंधरा दिवसांत देश सोडायचा. त्याने मला किचनमध्ये गाठलं. त्या दिवशी होनोलुलू नाही, काही नाही. म्हणाला, "सहावा डोस मी गेल्यावर आहे. शिकून घे."

"भात दाबायला शिकायचंय काय त्यात?"

"बरं," तो म्हणाला, आणि खोलीत गेला.

पुढच्या शुक्रवारी तो चर्चला गेला असताना मी घातला घाट. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, त्याचाच तो मिसरी तांदूळ आणला, आखूड, जाड दाण्याचा. टोपभर पाण्यात शिजवला, आणि आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या करतात तसा वेळला, म्हणजे वर झाकण धरून सगळं पाणी ओतून काढलं. शीत कसं मोकळं, जुईच्या कळीसारखं. आईने शिकवलेलं, भात मोकळा नसला तर बाईला नावं ठेवतात. मग चौकटीत दाबला, अंडं ठेवलं, चौकट उचलली. वीट ढासळली. परत दाबला, परत ढासळली. तिसऱ्यांदा दट्ट्यावर उभाच राहायचा बाकी होतो. शेवटी ते तसंच कागदात कोंबून हिच्या हातात दिलं. तिने उचललं आणि सगळा भात गादीवर सांडला. तिने शितं एक एक वेचली. हसली नाही, तिला हसायला ताकद नव्हती. आणि खाल्लं नाही.

त्या दिवशी बस्त्यावनेही काही केलं नाही. त्याने मुद्दाम केलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीही नाही. माझा ढासळलेला भात आणि हिचं रिकामं पोट. सोमवारी हॉस्पिटलात तपासणीला काटा चाळीस आणि वर जेमतेम काही. सिस्टरने माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी मी त्याच्या दारावर टकटक केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय पाहिजे?"

"भात ढासळतो."

"पाणी काय केलंस?"

"वेळला."

तो पलंगावर बसला आणि डोक्याला हात लावला. "फोरमन, भाताचा गोंद तू मोरीत ओतलास. मग चिकटणार कशाने, तुझ्या रिव्हेटने? माणूस आजारी आहे घरात आणि तू मोकळं शीत करून दाखवतोस. कोणाला दाखवतोस? सासूला?"

मी ऐकून घेतलं. दुसरा कोणी असता तर सांगितलं असतं. त्याने एप्रन बांधला, सोमवार असून, आणि मला शिकवायला सुरुवात केली. असा शिकवणारा शत्रूलाही मिळू नये. तांदूळ तीनदा धुवायचा, चौथ्यांदा धुतलास तर बोटं मोडीन. पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, तुझं बोट नाही, तुझं बोट म्हणजे पाइप आहे, माझं बोट. झाकण उघडायचं नाही. "तुझ्या डक्टला भोक पाडलं तर टॉवर थंड होतो काय? मग उघडतोस कशाला?" अंडं गोळा नाही, घडी. सॉस कडेने, मधे नाही. आणि दर वेळी, हात ओला, तोंड बंद.

एका गोष्टीवर आमचं जुळलं नाही. तो भात शिजतानाच मीठ घालायला सांगायचा. मी म्हटलं, भातात मीठ आमच्यात घालत नाहीत, सॉस खारट आहे तो पुरे. तो म्हणाला, सॉस अंड्याला, मीठ भाताला. मी घातलं नाही. तो मी पाठ वळवली की गुपचूप घालायचा आणि मला दिसायचं.

"चाखून तरी बघ," तो म्हणायचा. "तुमच्यात देवाचा नैवेद्य न चाखता करतात ना, तसं करतोस. ती देव नाही, मॅन. तिला तोंड आहे."

"कार्बन पेपर मी खात नाही."

तो गेला त्या दिवशी मी त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला खाली उतरलो. दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. मिठी वगैरे नाही, आम्ही काय सिनेमातले नव्हतो. तो म्हणाला, "मीठ." मी म्हटलं, "यल्ला, चल, विमान सुटेल." वर आलो तर किचनच्या खुंटीला त्याचा एप्रन, इस्त्री केलेला. मी तो कधी घातला नाही. घडी करून ट्रंकेत टाकला.

मी रोज पहाटे विटा करू लागलो. उभ्या राहिल्या. मीठ मी बंद केलं. हिने खाल्ल्या, सकाळी एक, दुपारी एक. सहाव्या डोसाला काटा एक्केचाळीसला टेकला आणि सिस्टर म्हणाली, "शाबास चाचा." मी ते श्रेय त्या माणसाला दिलं नाही. माझ्या हाताने केलेलं होतं ना. शाबासकी मी ठेवून घेतली.

त्यानंतर आम्ही गावी आलो ते कायमचे, आणि हिला चार वर्षं मिळाली. त्या चार वर्षांत हिला मधूनच हुक्की यायची, "ता काळा करा मा." मी करायचो. गावचा सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेला, नवा असला की चिकटतो. कागद बस्त्याव वसईहून पार्सलने पाठवायचा, कुठल्या तरी जहाजवाल्याकडून मागवून. नाताळला आणि हिच्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. ही अर्धा-अर्धा तास बोलायची, पदर तोंडाला लावून हसायची. मला फोन द्यायला लागली की मी हातानेच नको म्हणायचो. काय बोलणार? आता "मी दुबईला होतो तेव्हा" असं ऐकायचं?

दोन हजार चार साली दुखणं परत आलं आणि दोन महिन्यांत खलास. शेवटी शेवटी तिने वीटही मागितली नाही. पाणी मागायची, ते कापसाने.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी बस्त्याव एसटीतून उतरला. केस सगळे पांढरे, हातात कापडी पिशवी, पिशवीत त्या काळ्या कागदांचं पुडकं. माझ्या चुलतभावाने त्याला पडवीत चटई घालून दिली आणि आत जायचं नाही असं सांगितलं, सुतक आहे आणि परजातीचा माणूस. मी आतून ओरडलो, "त्या माणसाने माझ्या बायकोला जगवलंय. तो चुलीपर्यंत येईल. ज्याला चालत नसेल त्याने नदीवर येऊ नये." पहिल्यांदा मी त्याच्याबद्दल चारचौघांत चांगलं बोललो, आणि तेही दुसऱ्याला शिवी घालायला.

आमच्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा लागतो. शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, मग तिच्या आवडीचं काहीतरी ठेवतात. हिचं मन कशात अडकणार ते मला माहीत होतं. सकाळी उठून मी स्वतः भात लावला. सुतकात मी रांधू नये म्हणून बायका कुजबुजल्या. कुजबुजू दे. बस्त्याव चुलीजवळच्या दारात उभा राहून बघत होता. मी हात ओले केले. दोन विटा केल्या, डब्यात भरल्या, पिशवीत घालून नदीवर घेऊन गेलो.

पिंड ठेवला. भटजी मागे सरले, आम्ही सगळे मागे सरलो. मी पिशवीत हात घालतोय तोवर कावळा आला. एक मिनिट झालं नसेल. सरळ उतरला, चोच मारली, गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भटजी म्हणाले, "पुण्यवान बाई. कशातच मन राहिलं नाही."

मला संताप आला. त्या कावळ्याचा, भटजीचा, हिचा. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि एकदा मागे वळून बघितलं नाही. निदान थोडा वेळ थांबायचं होतं. मी डबा उघडला असता.

माणसं निघून गेली. मी ओल्या कपड्यांनी दगडावर बसून राहिलो. बस्त्याव पलीकडे भेंडीच्या झाडाखाली बसला होता, परजातीचा म्हणून लांब. तो उठून आला आणि शेजारी बसला. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"तू खा," तो म्हणाला. "मी खाल्लंय, होनोलुलूला."

मी खाल्लं. इतक्या वर्षांत पहिला घास. आधी त्या कागदाचा वास आला, आमच्या खाडीला ओहोटी लागली की येतो तसा. मग अंडं, थोडं गोड. मग भात. भाताला चवच नव्हती. मी चावत राहिलो. कसंबसं गिळलं.

"अळणी आहे," मी म्हटलं.

"असणारच. तू मीठ घातलं नाहीस."

"चार वर्षं तिने हेच खाल्लं. एकदा बोलली नाही."

बस्त्याव नदीकडे बघत होता. त्याने तळवा तळव्यावर घासला. "मला बोलली होती. फोनवर, पहिल्याच नाताळला." मग त्याने ते तिच्याच बोलीत सांगितलं, जसं तिने सांगितलं असेल तसं. "भाऊ, अळणी करतत. पण तुमी सांगा नको हां. सांगलात तर करूचा सोडतले."

मी हातातली वीट संपवली. मग डब्यातली दुसरी उचलली आणि तीही खाल्ली, एक शीत न सांडता. बस्त्याव माझ्याकडे बघत बसला होता. तो माणूस मला माहीत झाल्यापासून, भाताला हात न लावता तो गप्प बसलेला मी तेव्हाच एकदा बघितला.